आईविना सापडलेले मांजराचे पिल्लू: आधी ऊब, मग दूध

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे दाखवते, असे जुनी माणसे सांगतात, आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांत राहिलेल्या कोणालाही हे प्रत्यक्ष पाहायला मिळालेले असते: आज माळ्यावर, उद्या शेजारच्या अडगळीच्या खोलीत, परवा बंद पडलेल्या रिक्षाच्या सीटखाली. मांजरी एका वेळी एकच पिल्लू तोंडात धरून नेते, त्यामुळे उरलेली पिल्ले काही काळ उघड्यावर एकटी पडलेली दिसतात. सापडलेले पिल्लू पोरके आहे असे ठरवण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण चांगल्या मनाने उचललेली कितीतरी पिल्ले आईच्या पुढच्या फेरीची वाट पाहत असतात, आणि आईच्या दुधाची बरोबरी करील असे आपल्या घरात काहीही नसते.

पिल्लू हाताला उबदार लागत असेल, त्याचे पोट गोल असेल आणि ते शांत झोपलेले असेल, तर आई जवळपास आहे असे समजावे आणि दूर जाऊन थांबावे. माणूस शेजारी उभा असेल तर मांजरी फिरकत नाही, म्हणून निदान वीस-पंचवीस पावले मागे सरावे आणि दोन-तीन तास वाट पाहावी. तेवढा वेळ थांबणे शक्य नसेल तर पिल्लाभोवती हातभर अंतरावर रांगोळीची रेघ ओढून ठेवावी आणि परत आल्यावर तीत पावलांचे ठसे उमटले आहेत का, ते पाहावे. काही जण यासाठी कणीक वापरतात; मी वापरत नाही, कारण कणकेला मुंग्या लागतात आणि मुंग्यांपुढे नवजात पिल्लाला काहीच करता येत नाही. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लू टाकून देते, हा समज चुकीचा आहे, त्यामुळे पिल्लाला हात लावून ऊब तपासायला हरकत नाही.

मात्र पिल्लू गार पडले असेल, त्याला मुंग्या लागल्या असतील, ते पावसात भिजत असेल, सतत टाहो फोडत असेल किंवा आई गाडीखाली सापडल्याचे ठाऊक असेल, तर थांबू नये. हिवाळ्यात तर मुळीच थांबू नये. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत एक आकडी होतो तेव्हा नाशिक शहरही फार मागे नसते, आणि अशा रात्री फरशीवर पडलेले पिल्लू तासाभरात हातचे जाते.

कित्येक वर्षांपूर्वी जानेवारीतल्या अशाच एका रात्री इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्याखाली मला एक पिल्लू सापडले. नाळ अजून सुटलेली नव्हती. अंग थंडगार होते आणि तोंड उघडले तरी आवाज फुटत नव्हता. भुकेने असे झाले असावे, असे मला वाटले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "बाळा, वातीने थेंब थेंब पाज, जगेल." मी गायीचे दूध कोमट केले, कापसाची वात भिजवली आणि ते त्याच्या तोंडात पिळत राहिलो. पहाटे पिल्लू गेले. पोट टम्म फुगलेले होते. मी पाजलेले दूध तसेच आत पडून होते. त्या वेळी माझे काय चुकले, ते मला पुढे एका पशुवैद्यांनी समजावून सांगितले, आणि तेव्हापासून मी प्रत्येकाला तेच सांगत आलो आहे: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये.

याचे कारण असे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, थंडीने कुडकुडताही येत नाही. त्या वयात त्याच्या शरीराचे तापमान साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते. ते खाली उतरले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. गिळण्याची व चोखण्याची शक्तीही जाते. मग दूध पचत नाही, पोटात नासते, किंवा श्वासनलिकेत उतरून फुप्फुसात जाते. पिल्लाला काही तास भूक काढता येते, गारठा काढता येत नाही. म्हणून घरात आणल्यावर पातेले गॅसवर ठेवण्याआधी पिल्लू कपड्यांच्या आत, छातीशी, थेट त्वचेला लागेल असे धरावे आणि वरून शाल घ्यावी. ऊब हळूहळू द्यावी. फार गार पडलेल्या पिल्लाला नीट गरम व्हायला एक ते तीन तास लागू शकतात आणि तेवढे लागू द्यावेत. हेअर ड्रायरचा झोत, शेगडीची धग किंवा गरम पाण्यात बुडवणे, यांपैकी काहीही करू नये, कारण एकदम बसलेला चटका या नाजूक शरीराला सोसत नाही. अंग ओले असेल तर आधी मऊ सुती कपड्याने टिपून कोरडे करावे. करंगळी स्वच्छ धुऊन तिचे टोक तोंडात घालून पाहावे: आतून ऊब लागली आणि पिल्लू बोट चोखू लागले, तर ते दुधासाठी तयार झाले. तोंडाचा आतला भाग अजून गार लागत असेल तर आणखी थांबावे. पिल्लू फारच निपचित असेल तर साखरेच्या किंवा ग्लुकोजच्या पाण्याचा एखादा थेंब बोटाने हिरड्यांना चोळावा, घशात सोडू नये, आणि त्याला ऊब देत देतच पशुवैद्यांकडे निघावे.

राहण्याच्या जागेसाठी आपल्याकडे एक उत्तम सोय आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशकातल्या कोणत्याही फळवाल्या मावशींकडे द्राक्षांची रिकामी पुठ्ठ्याची पेटी मिळते. तिच्या भिंती पिल्लाला ओलांडता येणार नाहीत इतक्या उंच असतात आणि बाजूच्या भोकांतून हवा खेळते. पेटी झटकून, कोरडी पुसून घ्यावी, तळाशी वर्तमानपत्राचे चार-सहा थर घालावेत आणि वर जुन्या सुती साडीची किंवा धोतराची घडी अंथरावी. टर्किशचा टॉवेल टाळावा, कारण त्याच्या धाग्यांच्या फासात नखे अडकतात. कांद्याच्या जाळीच्या गोणीचा तुकडा तर कधीच वापरू नये. पेटीच्या एकाच अर्ध्या भागात शेक ठेवावा, म्हणजे उकडू लागल्यावर पिल्लाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. शेकासाठी प्लास्टिकच्या बाटलीत गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी भरून, झाकण घट्ट लावून ती कपड्यात गुंडाळावी, किंवा तांदूळ तव्यावर गरम करून ते सुती पिशवीत बांधावेत. अशी पुरचुंडी आपल्या गालाला सुखद लागली पाहिजे. गालाला चटका बसत असेल तर पिल्लालाही बसेल. विजेची गादी वापरणाऱ्यांनी ती कमीत कमी तापमानावर, वर जाड कापड घालून वापरावी, आणि पावसाळ्यात वीज गेली तर बाटली हाताशी तयार असावी.

पहिल्या आठवड्यात पेटीतली हवा ३० ते ३२ अंशांच्या आसपास असावी, दुसऱ्या आठवड्यात २७ ते २९, आणि चौथ्या आठवड्यापर्यंत २४ पुरे. भिंतीवर टांगायचा साधा थर्मामीटर पेटीत आडवा ठेवला तरी काम भागते. एप्रिल-मेमध्ये नाशकाची दुपार चाळिशीला टेकते तेव्हा दिवसा शेकाची गरज नसते. उलट पिल्लू हातपाय पसरून तोंडाने श्वास घेत असेल तर त्याला उकडते आहे असे समजून पेटी घराच्या गार बाजूला न्यावी, मात्र कूलरच्या झोतात ठेवू नये.

आता दुधाविषयी. गायीच्या दुधात प्रथिने ३ ते साडेतीन टक्के असतात, मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीच्या आसपास; शिवाय गायीच्या दुधातली दुग्धशर्करा पिल्लाला पचत नाही आणि त्याला हगवण लागते. शंभर ग्रॅम वजनाच्या जिवाला हगवण लागली की त्याच्या अंगातले पाणी एका दिवसात संपते. पाणी घालून दूध पातळ केल्याने पोट बिघडायचे थांबत नाही, आहे ते पोषण मात्र आणखी कमी होते. म्हणून मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडरच आणावी. पाळीव प्राण्यांच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत आणि बऱ्याच पशुवैद्यांकडे ती मिळते. ती महाग वाटते, पण एका पिल्लाला पहिले काही दिवस एक डबा पुरतो. माणसाच्या बाळाची दूध पावडर हा पर्याय नव्हे. पिल्लू रात्री अकरा वाजता सापडले आणि सगळी दुकाने बंद असली, तर उकळून कोमट केलेले शेळीचे दूध त्या एका रात्रीपुरते चालवून घेता येते, परंतु त्याचीही घडण मांजरीच्या दुधासारखी नसते, तेव्हा सकाळी पावडर आणलीच पाहिजे. परिसरात नुकतीच व्यालेली, माणसाळलेली मांजरी असेल तर तिच्या मालकाला आवर्जून विचारावे. कित्येक मांजरी परके पिल्लू आपल्या पिल्लांत सामावून घेतात, आणि तसे झाले तर या लेखातले निम्मे कष्ट वाचतात.

डब्यावर लिहिलेले प्रमाण काटेकोर पाळावे. दूध घट्ट केले म्हणजे पिल्लू लवकर भरते असे नाही. त्याला बद्धकोष्ठ होतो. उकळून कोमट केलेल्या पाण्यात पावडर कालवून, गुठळ्या राहू नयेत म्हणून ते चहाच्या नव्हे तर वेगळ्या ठेवलेल्या बारीक गाळणीतून गाळून घ्यावे. कालवलेले दूध फ्रीजमध्ये चोवीस तास टिकते. बाटलीत उरलेले उष्टे दूध मात्र फेकून द्यावे. पाजण्यापूर्वी बाटली गरम पाण्याच्या वाटीत उभी करून दूध कोमट करावे आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावे. मायक्रोवेव्हमध्ये दूध एका जागी कढत आणि दुसऱ्या जागी गार राहते, म्हणून तो नको.

वात, चमचा आणि बोंडले या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवाव्यात. यांतून दूध तोंडात ओतले जाते, आणि पिल्लाला ओतलेले गिळता येत नाही, त्याला चोखून प्यायचे असते. लहान बूच, म्हणजे चोखायचे रबरी निपल, असलेली पिल्लांची बाटली मिळाली तर उत्तम, नाहीतर सुई काढलेली दोन मिलीची सिरिंज घेऊन तिच्या टोकाला मऊ बूच बसवावे. बाटली उलटी धरल्यावर बुचातून दूध धारेने न पडता एकेक थेंब सावकाश ठिबकावे, इतकेच भोक असावे.

पिल्लाला पोटावर पालथे, आईच्या कुशीत ते जसे पडलेले असते तसे ठेवावे आणि डोके किंचित वर असावे. माणसाच्या बाळासारखे मांडीवर उताणे घेऊन कधीही पाजू नये. बूच ओठांवरून हलके फिरवले की पिल्लू डोके इकडेतिकडे करत तोंडाने चाचपडू लागते, तेव्हा ते तोंडात सरकवावे. जीभ बुचाभोवती पन्हाळीसारखी वळली, चोखण्याला लय आली, की मिटलेले कान चोखण्याच्या तालावर पुढेमागे हलू लागतात आणि पुढचे दोन्ही पंजे आपल्या बोटावर आळीपाळीने दाबले जातात. हे कान हलणे मी रात्री तीन वाजता डोळे ताणून पाहतो, कारण त्यावरून दूध खरोखर पोटात जाते आहे हे कळते. नुसते बूच चावणाऱ्या पिल्लाचे कान हलत नाहीत. दूध नाकातून आले तर लगेच थांबावे, डोके खाली करून नाक टिपावे आणि पुढच्या वेळी वेग कमी करावा. त्यानंतर श्वासात घरघर ऐकू येऊ लागली तर उशीर न करता पशुवैद्यांना दाखवावे.

किती पाजावे, हे पिल्लाच्या वजनावरून ठरते, त्याच्या ओरडण्यावरून नव्हे. एका वेळी शंभर ग्रॅम वजनामागे सुमारे ४ मिली एवढेच त्याच्या पोटात मावते, आणि दिवसभरात शंभर ग्रॅममागे साधारण २५ ते ३० मिली लागते. म्हणजे १२० ग्रॅमच्या पिल्लाला दर वेळी पाच मिलीच्या आत आणि दिवसाला सात-आठ वेळा. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा पाजावे लागते. दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी, तिसऱ्यात चार-पाच तासांनी. घरातल्या दोघांनी रात्र वाटून घेतली तर ते निभते. एकट्याने निभवायचे असेल तर रात्रीचे दूध, कापूस आणि थर्मासमधले गरम पाणी झोपण्यापूर्वीच पेटीजवळ मांडून ठेवावे.

पाजून झाल्यावर पिल्लाला खांद्याशी उभे धरून पाठीवर दोन बोटांनी अलगद थोपटावे. त्यानंतरचे काम नवशिक्याला ठाऊक नसते, आणि त्यामुळेही पिल्ले दगावतात. पहिले तीन आठवडे पिल्लाला आपोआप शू आणि शी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. आपण कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने शेपटीखालच्या भागावर हलके, चाटल्यासारखे टिपत राहावे, घासू नये. अर्ध्या-एक मिनिटात शू होते. ती फिकट पिवळी असावी. गडद झाली तर अंगात पाणी कमी पडते आहे. शी मोहरी वाटल्यासारख्या पिवळ्या रंगाची आणि मऊ असते, दिवसातून एकदा झाली तरी पुरे. शू दर पाजणीला झालीच पाहिजे. मग तो भाग कोरडा करावा, तोंडाला लागलेले दूध पुसावे आणि पिल्लाला उबेत ठेवावे. अंघोळ घालू नये.

पेटीशेजारी एक वही असावी आणि स्वयंपाकघरातला ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा असावा. रोज एकाच वेळी, पाजण्यापूर्वी, काट्यावर वाटी ठेवून पिल्लाचे वजन घ्यावे आणि वेळ, वजन, किती प्याले, शू, शी अशा रकान्यांत लिहावे. जन्मतः पिल्लाचे वजन ८० ते १२० ग्रॅम असते आणि ते रोज १० ते १५ ग्रॅमने वाढायला हवे. पिल्लू पितेही आणि झोपतेही, पण वजन एक दिवस तसूभर हलत नाही, हे डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. एक दिवस वजन थांबले तर कारण शोधावे. घटले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हगवण, सतत रडणे, दूध नाकारणे, पोट फुगणे, डोळ्यांतून पू, यांतले काहीही दिसले तरी तसेच करावे. आपल्याकडे पशुवैद्यांचा मोठा सराव गायी-म्हशींचा आणि कुत्र्यांचा असतो, म्हणून मांजरे नेहमी पाहणारे डॉक्टर कोण आहेत, हे गरज पडण्यापूर्वीच, दिवसाउजेडी विचारून ठेवावे.

घरातल्या काही रोजच्या वस्तू या पिल्लासाठी विष आहेत. फिनेल त्यांतली पहिली: मांजराच्या यकृताला ते निचरता येत नाही, म्हणून पेटी ठेवलेली खोली फिनेलने पुसू नये, साध्या साबणाच्या पाण्याने पुसावी. पॅरासिटामॉलच्या गोळीचा तुकडाही मांजराचा जीव घेतो. कुत्र्यांसाठीची पिसवांची पावडर वा थेंब, विशेषतः परमेथ्रिन असलेली, मांजराला चालत नाहीत. नवजात पिल्लाच्या पिसवा बारीक दातांच्या फणीने काढून साबणाच्या पाण्यात बुडवाव्यात. त्या पुष्कळ असतील तर पिल्लाचे रक्त कमी होते, तेव्हा औषध डॉक्टरांनीच द्यावे. आईचे पहिले दूध न मिळालेल्या पिल्लाची प्रतिकारशक्ती तोकडी असते, म्हणून हात धुऊनच हाताळावे, बाटली आणि बूच रोज उकळावे, आणि घरात दुसरी मांजरे असल्यास निदान दोन-तीन आठवडे वेगळी खोली द्यावी. पिल्लू चावले वा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

नाळ तीन ते पाच दिवसांत सुकून गळते, ती ओढू नये. डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. तेही बोटांनी उघडू नयेत. तिसऱ्या आठवड्यात पुढचे बारीक दात फुटतात, पिल्लू डुलत डुलत चालू लागते आणि पेटी अपुरी पडते. दोन आठवड्यांचे झाल्यावर जंताचे औषध कधी आणि किती द्यायचे, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवावे.

चौथ्या आठवड्यात, वजन ४०० ग्रॅमच्या आसपास आले आणि पिल्लू बूच चावू लागले, की बशीत पिल्लांच्या ओल्या खाद्यात त्याचेच दूध कालवून पातळ लापशीसारखे करून द्यावे. पहिले दोन दिवस ते खाण्यापेक्षा त्यात चालतेच जास्त. पाय पुसून द्यावेत आणि बाटली एकदम बंद करू नये. याच सुमारास उथळ ट्रेमध्ये धुतलेली वाळू किंवा फाडलेले वर्तमानपत्र घालून जेवणानंतर त्यात बसवावे. ओलावा लागल्यावर गोळा होणारी विकतची वाळू या वयात नको, कारण पिल्ले ती खातात. भावंडांशिवाय वाढणाऱ्या पिल्लाला किती जोरात चावायचे, हे शिकवणारे कोणी नसते, त्यामुळे त्याच्याशी हाताने झोंबाझोंबी न करता दोरीला बांधलेल्या चिंधीने खेळावे. दुसरे एखादे पोरके, तपासलेले पिल्लू सोबतीला मिळाले तर दोघांचेही भले होते.

सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर पहिली एकत्रित लस द्यावी, तिच्या पुढच्या मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते, म्हणून पाचव्या महिन्यापर्यंत नसबंदीची तारीख घ्यावी. पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचे असेल तर आठ आठवड्यांपूर्वी देऊ नये, घराच्या खिडक्यांना जाळी आहे का ते स्वतः जाऊन पाहावे, आणि सोबत ती वही, उरलेले खाद्य आणि ज्यावर ते पहिल्या दिवसापासून झोपले त्या सुती साडीचा न धुतलेला तुकडा द्यावा. नव्या जागेत पहिल्या रात्री ते त्यावरच झोपते.